माउलब्रॉनचा मठ : दारिद्र्याच्या व्रताचे अर्थकारण

घरदार, धनदौलत आणि मानमरातब यांवर पाणी सोडून रानात जाऊन बसलेल्या विरक्तांभोवती दोन-तीन पिढ्यांच्या आतच जमिनी, इनामे, धान्याची कोठारे आणि हिशेबाची दप्तरे जमा व्हावीत, हे कोडे एका देशाचे किंवा एका धर्माचे नाही. आपल्याकडील मठ-संस्थानांच्या सनदा ज्यांनी चाळल्या असतील त्यांना ते परिचितच असेल. या कोड्याचा सोपा उलगडा लोक नेहमी करीत आले आहेत : पहिली पिढी निष्ठेची असते, पुढची पिढी नियम मोडते आणि पैसा मठात शिरतो. मानवी स्वभावाची ज्याला थोडी ओळख आहे त्याला हा उलगडा पटण्यासारखा आहे. पण तो अपुरा आहे. मध्ययुगीन जर्मनीतील एका दरीत वसलेल्या माउलब्रॉन नावाच्या मठाचा इतिहास पाहिला, तर पहिल्या शतकात तेथे आलेली समृद्धी नियम मोडल्याने आलेली नसून ते काटेकोरपणे पाळल्यामुळेच आलेली आहे, असे दिसते. ते कसे घडले, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय.

बारा भिक्षू आणि एक अपुरी जागा

सन 1138 च्या सुमारास नैर्ऋत्य जर्मनीतील वाल्टर फॉन लोमर्सहाइम या सरदाराने एकेनवायहर येथील आपली जमीन मठासाठी दान केली. आल्सास प्रांतातील नॉयबुर्ग येथील मठातून बारा भिक्षू आणि त्यांचा प्रमुख डीटर असे तेराजण तेथे आले. बारा शिष्य आणि एक नायक ही संख्या ख्रिस्ताच्या शिष्यमंडळाच्या आदर्शावरून घेतलेली होती, आणि नवा मठ वसविताना इतकी माणसे पाठवावीत असा या संप्रदायाचा दंडकच होता. परंतु जागा सोयीची निघाली नाही. पाण्याची वाण होती. अखेरीस श्पायर येथील बिशप ग्युंटर याने आपल्या अधिकारातील माउलब्रॉनची दरी त्यांना दिली आणि 1147 साली ही मंडळी झाल्त्साख नावाच्या लहानशा ओढ्याकाठी येऊन स्थिरावली. लादलेले खेचर जेथे ओझे टाकून थांबले आणि पाण्याचा झरा दिसला तेथेच मठ उभारला, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. तिचा खेचराचा भाग बाजूला ठेवला तरी पाणी पाहून जागा ठरली, एवढे त्यातले तथ्य निर्विवाद आहे.

हे भिक्षू सिस्टर्शियन संप्रदायाचे होते. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात सिटो नावाच्या दलदलीच्या जागी 1098 साली या संप्रदायाचा पहिला मठ स्थापन झाला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने भिक्षुजीवनाची जी नियमावली घालून दिली होती, तिच्यात प्रार्थना, पठण आणि हातांचे श्रम या तिहींना स्थान होते. कालांतराने मोठमोठ्या मठांतील भिक्षू विधींच्या वैभवात रमले आणि शेतीचे काम रयतेकडे गेले. सिटोच्या संस्थापकांना हे मान्य नव्हते. नियमावली अक्षरशः पाळायची, नगरांपासून आणि गावांपासून दूर राहायचे, मंदिराला दगडी मनोरे चढवायचे नाहीत, खिडक्यांना रंगीत काच लावायची नाही आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इतरांच्या श्रमांवर जगायचे नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. क्लेअरव्होचा संत बर्नार्ड या संप्रदायात आला आणि त्याच्या वाणीच्या प्रभावाने त्याचा असा काही विस्तार झाला की, 1153 साली बर्नार्ड मरण पावला तेव्हा युरोपभर या संप्रदायाचे तीनशेहून अधिक मठ उभे होते. माउलब्रॉन हा त्यांतलाच एक.

नकारांतून निघालेला हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या काळी एखाद्या मठाचे उत्पन्न कशाकशातून येत असे? कुळांकडून येणारा खंड, बांधील शेतकऱ्यांची वेठ, आसपासच्या गावांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणजे दशांश, आणि गावकऱ्यांच्या दळणातून मिळणारे पाणचक्कीचे उत्पन्न, हे त्याचे मुख्य मार्ग. सिस्टर्शियन संप्रदायाने आरंभी हे सगळेच निषिद्ध ठरविले. वसलेले गाव दान म्हणून स्वीकारायचे नाही, कारण गावाबरोबर त्याची रयत आणि तिच्याकडून येणारे वसूल येणार. मग उरले काय? उरली ती पडीक जमीन, जंगल, दलदल आणि डोंगरउतार; ज्यांच्यावर कोणाचा सारा नव्हता, की कोणाचे वतन नव्हते. सरदारांनाही अशी जमीन पुण्यार्थ देऊन टाकणे जड जात नसे, कारण तिच्यातून त्यांना काही मिळत नव्हते.

हा पहिला नकार असा फळाला आला. स्वतःच्या श्रमाने उठविलेल्या जमिनीवर जुने हक्क, पोटहक्क आणि हिस्से यांचे जंजाळ नव्हते. शेजारच्या गावांत एकेका शेतकऱ्याची जमीन अरुंद पट्ट्यांत विखुरलेली असे आणि पेरणी-कापणी सगळ्या गावाने एकाच वेळी करावी लागे. मठाची जमीन मात्र सलग, एकहाती आणि हवे ते पीक घेण्यास मोकळी होती.

दुसरा लाभ करांचा. सन 1132 मध्ये पोप दुसरा इनोसंट याने या संप्रदायाला सवलत दिली की, भिक्षू जी जमीन स्वतःच्या श्रमाने, घरवहिवाटीने कसतील तिच्यावर दशांश द्यावा लागणार नाही. दहा पायल्यांतील एक पायली घरात राहिली, तर पन्नास वर्षांत तिचे काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ही सवलत इतकी फायद्याची ठरली की, भोवतालच्या धर्माधिकाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि 1215 च्या लॅटरन परिषदेने त्यानंतर नव्याने मिळविलेल्या जमिनींपुरती ती काढून घेतली.

तिसरे कारण मला सर्वांत निर्णायक वाटते. ज्याच्या सात पिढ्यांत कधी वाटणी झालेली नाही, ज्यात मुलींची लग्ने नाहीत, मानपान नाहीत, धाकट्या भावाचा वेगळा संसार नाही आणि वर्षाअखेरीस जे उरेल ते पुन्हा त्याच जमिनीत घालायचे असा ज्याचा कुळाचार आहे, असे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मठ हे नेमके असे कुटुंब होते. ब्रह्मचर्यामुळे वारस नव्हते, दारिद्र्याच्या व्रतामुळे खाजगी मालमत्ता नव्हती, आणि जाडेभरडे अन्न, न रंगविलेल्या लोकरीचे वस्त्र व साधे मंदिर यांमुळे खर्च अत्यल्प होता. उत्पन्न मात्र थांबत नव्हते. शिल्लक राहिलेला पैसा खर्चण्यास नियमाने एकच वाट मोकळी ठेवली होती, ती म्हणजे आणखी जमीन घेणे. व्यक्तीचे दारिद्र्य आणि संस्थेची श्रीमंती या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या.

श्रमबंधू

परंतु शेकडो एकर जमीन कसणार कोण? भिक्षूला दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा मंदिरात सामुदायिक प्रार्थनेस हजर राहावे लागे. चार कोस दूरच्या शेतावर नांगर धरून तो प्रार्थनेच्या घंटेला परत येणे अशक्य. या अडचणीतून सिस्टर्शियनांनी एक व्यवस्था निर्माण केली नसली, तरी पूर्णत्वास नेली. मठात दोन वर्ग होते. एक भिक्षूंचा, ते लॅटिन जाणणारे, बहुधा खानदानी घराण्यांतून आलेले. दुसरा, ज्यांना आपण श्रमबंधू म्हणू त्यांचा. हेही व्रतस्थ, अविवाहित आणि आजन्म मठाचे. पण त्यांच्यावरील प्रार्थनांचा भार हलका होता. काही ठरावीक प्रार्थना तोंडपाठ केल्या की पुरे. ग्रंथ त्यांच्या हाती द्यायचा नाही, असा स्पष्ट नियम होता. ते दाढी राखीत, भिक्षू राखीत नसत. श्रमबंधू कधीही भिक्षू होऊ शकत नसे.

मठापासून फार तर एका दिवसाच्या चालीवर शेतवाड्या वसविल्या जात. तेथे राहण्याची जागा, गोठा, कोठार आणि लहान प्रार्थनाघर असे. श्रमबंधू आठवडाभर तेथे राहून शेती पाहत आणि रविवारी व सणावारी मठात येत. एका मालकाची, एका शिस्तीची, मजुरी न घेणारी आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करून त्यात निष्णात झालेली ही मनुष्यबळाची रचना त्या काळच्या कोणत्याही जमीनदाराजवळ नव्हती.

माउलब्रॉनच्या इमारतींत हे दोन वर्ग आजही दगडात कोरल्यासारखे वेगळे दिसतात. ट्रिअरचा आर्चबिशप आर्नोल्ड याने 14 मे 1178 रोजी ज्याची प्रतिष्ठापना केली त्या मंदिराच्या मध्यभागी एक उंच दगडी आडभिंत आहे. तिच्या पूर्वेकडचा वेदीजवळचा भाग भिक्षूंचा आणि पश्चिमेकडचा श्रमबंधूंचा. भोजनगृहेही दोन आहेत. भिक्षूंचे भोजनगृह उंच, एकाआड एक जाड व सडपातळ स्तंभांच्या रांगेवर तोललेले आणि प्रकाशाने भरलेले. श्रमबंधूंचे पश्चिमेच्या अंगाला, बुटके आणि जड. एकाच व्रताने बांधलेल्या माणसांत ही पंक्तिभेदाची भिंत असावी, हे पाहून मन विषण्ण होते. त्या संप्रदायाच्या इतर थोरवीचा मी आदर करतो, पण या भिंतीचे समर्थन माझ्याने होत नाही.

एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मठाला लागून असलेल्या एका खोलीखाली भट्टी आहे. तीत लाकडे पेटवीत आणि तापलेली हवा दगडी जमिनीतील छिद्रांवाटे वरच्या खोलीत येई. स्वयंपाकघर वगळता हिवाळ्यात ऊब घेण्याची भिक्षूंची जागा मुख्यतः हीच. आणि तेथेही फार वेळ रेंगाळायचे नाही. जर्मनीतील जानेवारी ज्याने अनुभवला आहे त्याला या नियमाचे मोल कळेल.

पाण्याची शाळा

माउलब्रॉनची खरी विद्या मात्र मंदिरात नाही, ती दरीत पसरलेली आहे. ओढा लहान, उतार बेताचा आणि तळ दलदलीचा. अशा जागी वर्षभर पुरेल इतके पाणी कसे मिळवायचे? भिक्षूंनी डोंगरउतारांवर आडवे चर खणून पावसाचे पाणी अडविले आणि ते मातीच्या बांधांनी तयार केलेल्या तळ्यांकडे वळविले. कालांतराने अशी सुमारे वीस तळी झाली. त्यांपैकी काही आजही पाण्याने भरलेली आहेत.

या रचनेचे मर्म असे, की तेच पाणी एकामागून एक अनेक कामे करीत खाली उतरे. वरच्या तळ्याच्या बांधात एक मोरी असे. तिची झडप उचलली की पाणी पाटात येई. जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात जाई. पाटातले पाणी पाणचक्कीचे चाक फिरवी, तेथून पुढे कुरणे भिजवी आणि अखेर ओढ्याला मिळे. चर खणल्यामुळे दलदलीतले पाणी निचरून जमीन कोरडी पडे, आणि तेच पाणी तळ्यात साठून उन्हाळ्यात कामी येई. निचरा आणि साठा ही वरवर परस्परविरोधी दिसणारी दोन कामे एकाच खणलेल्या चराने साधली, यातच या कारागिरीची प्रतिभा दिसते.

तळ्यांचा आणखी एक उपयोग होता आणि तो थेट व्रतातून आला. बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे निरोगी भिक्षूने चतुष्पाद प्राण्यांचे मांस खायचे नाही. मासे मात्र चालत. शिवाय उपवासाचे दिवस अनेक, आणि हे उपवास भिक्षूंपुरते नव्हते, ते सर्व ख्रिस्ती समाजाने पाळायचे होते. समुद्र दूर असलेल्या प्रदेशात ताजी मासळी मिळणे दुर्घट. त्यामुळे तळ्यांतील मासळीला मठाच्या भिंतीबाहेरही मागणी होती. बाम मासळीसाठी ओळखले जाणारे एक मोठे तळे मठापासून थोड्या अंतरावर अद्याप आहे. आता ते संरक्षित निसर्गक्षेत्र झाले आहे.

उतारांवर द्राक्षमळे होते. वाइन प्रार्थनाविधीला आवश्यक, आणि नियमावलीने रोजच्या जेवणातही तिचे ठरावीक माप मान्य केलेले. उरलेला माल श्पायरसारख्या नगरांत असलेल्या मठाच्या स्वतःच्या वखारींतून विकला जाई. ऱ्हाइनकाठच्या त्या बाजारपेठेत मठाचा माल यायला लागला, तेव्हा एकांतासाठी रानात गेलेल्या मंडळींचा पुन्हा नगराशी संबंध जुळला.

[चौकट : काळाच्या खुणा
1098 : सिटो येथे संप्रदायाची स्थापना.
1138 : एकेनवायहर येथे बारा भिक्षूंचे आगमन.
1147 : माउलब्रॉनला स्थलांतर.
1178 : मंदिराची प्रतिष्ठापना.
1220 च्या सुमारास : मंदिराचा पुढचा मंडप आणि भिक्षूंचे भोजनगृह.
1504 : व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा ताबा.
1556 : मठाची शाळा.
1993 : युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश.]

यशातून आलेली घसरण

तेराव्या शतकात या यंत्रणेचा एक-एक खिळा निखळू लागला. भोवतालच्या नगरांत व्यापार वाढला, मजुरी वाढली, नव्या वसाहतींत शेतकऱ्याला मोकळी जमीन मिळू लागली. आजन्म दुय्यम स्थान पत्करून श्रमबंधू होण्यास माणसे पुढे येईनात. शेतवाड्यांवर हात कमी पडले. मग संप्रदायाच्या वार्षिक महासभेने जमिनी खंडाने देण्यास परवानगी दिली. चौदाव्या शतकातील महामारीने माणसांचा तुटवडा आणखी वाढविला. ज्या खंडाला, वसुलाला आणि दशांशाला संस्थापकांनी अमंगळ मानले होते, ते सर्व उत्पन्न आता मठाच्या जमाबंदीत नोंदले जाऊ लागले, आणि हळूहळू कित्येक गावे मठाची रयत बनली. येथे मात्र नियम खरोखर सैल झाले.

घसरणीचे सर्वच दृश्य कुरूप नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सन 1220 च्या सुमारास बांधलेला मंदिराचा पुढचा मंडप, ज्याला तेथे स्वर्गमंडप म्हणतात, हा जर्मन भूमीवर गॉथिक शैलीच्या आगमनाचा एक आद्य आणि देखणा नमुना आहे. भिक्षूंचे भोजनगृहही त्याच पिढीचे. 1424 मध्ये मंदिराच्या सपाट लाकडी छताऐवजी नक्षीदार घुमटी छत आले, पंधराव्या शतकाच्या मध्यास भिक्षूंसाठी कोरीव लाकडाची 92 आसने झाली, आणि 1473 साली एकाच दगडातून कोरलेली क्रूसावरील ख्रिस्ताची भव्य मूर्ती बसविण्यात आली. संस्थापकांना यातले काहीच रुचले नसते. तरी त्या मंडपातील कमानींची हलकी उसळी पाहताना त्यांनी ती पाडायला सांगितली असती, असे मला वाटत नाही.

मठाला संरक्षक लागे, कारण भिक्षूला शस्त्र वर्ज्य. आरंभी सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने 1156 मध्ये मठाला अभयपत्र दिले होते. पुढे हा संरक्षणाचा हक्क पॅलेटिनेटच्या राजघराण्याकडे गेला आणि मठाभोवती तटबुरूज चढले. जो संरक्षण करतो तो हळूहळू मालक होतो, हा न्याय येथेही चुकला नाही. 1504 च्या युद्धात व्युर्टेम्बर्गचा ड्यूक उलरिश याने मठ जिंकून घेतला. 1525 साली दक्षिण जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड उसळले, तेव्हा बंडखोरांनी या मठातही ठाण मांडले. त्या बंडाच्या प्रसिद्ध बारा मागण्यांत दशांश, जंगलातील लाकूड आणि पाण्यातील मासे यांवरील हक्कांचा प्रश्न होता. चारशे वर्षांपूर्वी भिक्षूंनी स्वतःच्या हातांनी उकरलेली तळी आता शेतकऱ्याच्या दृष्टीने बड्या जमीनदाराने अडविलेले पाणी झाली होती, आणि मला वाटते, त्याची तक्रार खोटी नव्हती.

मठाची शाळा

ड्यूक उलरिशने 1534 मध्ये आपल्या राज्यात धर्मसुधारणा लागू केली, तेव्हा भिक्षूंचे जीवन संपुष्टात आले. अशा प्रसंगी अन्यत्र काय घडले ते सर्वश्रुत आहे : इमारती ओस पडल्या आणि आसपासच्या लोकांनी त्यांचे घडीव दगड आपल्या बांधकामांना नेले. माउलब्रॉन वाचला तो एका दूरदर्शी निर्णयामुळे. उलरिशचा मुलगा ड्यूक क्रिस्टोफ याने 1556 च्या आज्ञापत्राने राज्यातील तेरा मठांचे शाळांत रूपांतर केले. मठाच्या जमिनींचे उत्पन्न खजिन्यात विरून न जाता हुशार मुलांच्या शिक्षणाला लागावे, आणि त्या मुलांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे, अशी ही योजना. तीस वर्षांच्या युद्धात काही काळ भिक्षू परतले, परंतु 1648 च्या तहानंतर शाळा कायम झाली.

सन 1586 मध्ये या शाळेत एक अशक्त, हालअपेष्टांत वाढलेला मुलगा दाखल झाला. त्याचा बाप भाडोत्री सैनिक होता आणि घरची परिस्थिती अशी की, राज्याच्या शिष्यवृत्तीवाचून त्याला लॅटिनचे शिक्षण मिळणे कठीण होते. तो 1589 मध्ये येथून ट्युबिंगेनच्या विद्यापीठात गेला. ग्रह सूर्याभोवती वर्तुळात नव्हे तर लंबवर्तुळात फिरतात हे पुढे ज्याने सिद्ध केले, तो योहान्नेस केपलर हाच. श्रमबंधूंनी उठविलेल्या जमिनीचे धान्य असे खगोलशास्त्राच्या कामी आले. कवी हेल्डरलिन 1786 ते 1788 या काळात येथे शिकला. 1891 मध्ये हेरमान हेस्स हा चौदा वर्षांचा मुलगा येथे आला; शाळेच्या शिस्तीत त्याचा जीव गुदमरला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो पळून गेला. त्या घुसमटीतून 1906 साली त्याची एक कादंबरी जन्मली, आणि 1922 मध्ये त्याने लिहिलेली ‘सिद्धार्थ’ आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

हेस्सच्या मातुल घराण्याचा धागा थेट भारतात येतो. त्याचे आजोबा हेरमान गुंडर्ट हेही याच शाळेचे विद्यार्थी. ते 1836 मध्ये हिंदुस्थानात आले, मलबारातील तलश्शेरी येथे बासेल मिशनचे काम करू लागले आणि मल्याळम भाषेचे व्याकरण व 1872 साली प्रसिद्ध झालेला मल्याळम-इंग्रजी कोश हे त्यांचे आयुष्यभराचे कार्य ठरले. हेस्सची आई 1842 मध्ये तलश्शेरीलाच जन्मली. युनेस्कोने 1993 मध्ये माउलब्रॉनला जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा मंदिर आणि भोजनगृहे यांच्याबरोबर तळी, चर व पाट यांच्या जाळ्यालाही त्या वारशाचा भाग मानले. क्रिस्टोफने सुरू केलेल्या शाळेची परंपरा चालविणारे विद्यालय त्याच इमारतींत आजही भरते, आणि त्यात शिकणारे मुलगे-मुली तेथेच राहतात.